नवी बॅटरी टाकली तरी सोमवारी गाडी चालू होईना

जुनी बॅटरी पाच वर्षांच्या आसपास चालली आणि मग रीतसर गेली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. साधी लेड अ‍ॅसिड बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकली की तिने तिचं काम केलं असं मी धरते, उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर त्याआधीही जाते. नवी टाकली, गाडी पहिल्या सेल्फला चालू व्हायला लागली, म्हटलं सुटलो. तर कुठलं काय, शनिवार रविवार गाडी उभी राहिली की सोमवारी नुसतं टिक टिक टिक, डॅशबोर्डचे दिवे लागणार पण सेल्फ मारला की मिणमिणते होणार आणि इंजिन फिरणारच नाही. रोज चालवली तर काही त्रास नाही. आणि बरं, दर वेळी होतंय असंही नाही, एखादा वीकेंड झाला की मस्त पहिल्या झटक्यात चालू, म्हणजे कोणाला दाखवायला न्यावी तर गाडी एकदम शहाण्यासारखी वागणार.

सल्ले भरपूर मिळाले. दादा म्हणाला बॅटरीचा पीसच खराब लागलाय, वॉरंटीत बदलून घे. गॅरेजवाला म्हणाला मॅडम रोज थोडी चालवत जा, उभी ठेवू नका. (अहो पण दोन दिवस उभी राहिली म्हणून चांगली बॅटरी बसत नाही, दोन आठवडे ठेवली तरी चालू व्हायला पाहिजे.) आणि शेजारचे काका, ज्यांनी आयुष्यभर गाड्या चालवल्यात, ते म्हणाले इंजिन चालू असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बघ, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर वीज बनवून बॅटरी भरणारा जनरेटर) गेला समज. हे मात्र मी त्यांना हात जोडून नको म्हटलं. पूर्वीच्या साध्या गाड्यांना ते खपून जायचं, आताच्या गाडीत चालत्या इंजिनवर बॅटरी काढली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणात उसळतं आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) किंवा दुसरं एखादं मॉड्यूल (तसाच एखादा छोटा कंट्रोल बॉक्स) उडू शकतं. अल्टरनेटर बघायला साधा मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचा मीटर) पुरतो, वायर काढायची काही गरज नाही.

तर मल्टिमीटर. माझ्याकडे साधाच होता. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी लावला, काहीही चालू न करता. बारा व्होल्टच्या बॅटरीला बरोब्बर बारा असले म्हणजे ठीक असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाही. आत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा, म्हणजे पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० म्हणजे जवळजवळ पाव. आणि हे गाडी काही तास थांबल्यावरच मोजायचं, नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फुगलेला येतो, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. माझा एका सोमवारचा आकडा ११.९ होता.

मग चार्जरवर लावली, पूर्ण भरली, आणि जिथून घेतली त्या दुकानात लोड टेस्ट करून घेतली, म्हणजे मोठा करंट ओढला तरी बॅटरी तग धरते का ते बघायचं. त्या माणसाने टेस्टर लावला, बॅटरी एकदम उत्तम निघाली. म्हणजे दादाचा मुद्दा निकालात. इंजिन चालू करून टर्मिनलवर मोजलं तर १४.२, हेडलाइट आणि एसी लावून १३.९, म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतोय. (ज्यांच्या गाडीत स्मार्ट चार्जिंग आहे त्यांनी इथे घाबरू नका, त्यात गाडी स्वतःच व्होल्टेज वरखाली करते, कधी १३ च्या खाली पण दिसतं. माझी तेवढी नवी नाही.) बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी दोन दिवसात रिकामी, म्हणजे गाडी बंद असताना कोणीतरी करंट खातंय. टाकी चांगली, वरून पाणीही येतंय, पण कुठेतरी नळ टपकतोय, तसा प्रकार.

आता बंद गाडी थोडा करंट खातेच. घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉकिंगचा रिसीव्हर, ईसीयूची मेमरी, हे सगळं जागं असतं. पण ते सगळं मिळून ५० मिलिअँपिअरच्या आत असावं, बऱ्याच गाड्यांत २०-३० च असतं. ५० धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर अवर (अँपिअर गुणिले तास) जातात, माझी बॅटरी ४५ अँपिअर अवरची आहे, म्हणजे काळजी नाही. करंट त्याच्या दहापट झाला तर मात्र दिवसाला १२ जातात आणि वीकेंडमध्ये खेळ खलास. म्हणजे नक्की किती जातोय ते मोजायचं, अंदाजाने वायरी हलवत बसायचं नाही, एवढं मी ठरवलं.

हे मोजणं दिसतं सोपं पण यात चार गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि बहुतेक लोक इथेच फसतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. करंट मोजायला मीटर मध्ये घालावा लागतो, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची वायर यांच्या मध्ये. पॉझिटिव्हकडे नाही, कारण पॉझिटिव्हवर पाना असताना तो बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालायचा, मिलिअँपिअरच्या नाही, नाहीतर सुरुवातीलाच मीटरचा फ्यूज उडेल. आणि एकदा मीटर असा लावला की चुकूनही चावी फिरवायची नाही, सेल्फ तर विसराच, सेल्फ शंभर अँपिअरच्या वर ओढतो.

गाडी झोपल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आपण लॉक करून गेलो म्हणजे गाडी लगेच झोपत नाही, आतली मॉड्यूल्स एकमेकांशी बोलत बसतात, कुठल्या गाडीत दहा मिनिटं कुठल्या गाडीत अर्धा तास, काहींमध्ये त्याहूनही जास्त. म्हणून आधी सगळी तयारी केली, फ्यूज बॉक्स माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ आहे, त्याचं झाकण काढून ठेवलं, दार उघडं ठेवलं पण त्याचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने ढकलून बंद केलं, म्हणजे गाडीला वाटतं दार लागलंय. (नंतर हँडल ओढून ते परत उघडायला विसरू नका, नाहीतर दार आपटलं की लॅच वाकतं.) बॉनेटला पण काही गाड्यांत स्विच असतो, तोही दाबून ठेवावा लागतो. डिकी बंद केली. रिमोटने लॉक केलं आणि चावी घरात लांब ठेवली, कीलेस गाडी असेल तर हे फार महत्त्वाचं, चावी खिशात घेऊन तुम्ही गाडीपाशी घुटमळलात तर ती झोपेल कशी.

अजून एक, हे मला एका ऑटो इलेक्ट्रिशियनने सांगितलं आणि मला फार पटलं. निगेटिव्ह वायर आधी काढून मग मीटर लावायचा नाही. आधी मीटरचे दोन्ही प्रोब क्लिपने लावायचे, एक बॅटरीच्या खुंटीला आणि एक वायरच्या क्लॅम्पला, आणि मग क्लॅम्प हळूच वर उचलायचा, म्हणजे सप्लाय एक क्षणही तुटत नाही. का, तर एखादं मॉड्यूल अडकून जागं राहिलं असेल तर सप्लाय तुटला की ते रिसेट होतं आणि शहाण्यासारखं झोपतं, मग तुम्हाला आकडा नॉर्मल दिसतो आणि तुम्ही म्हणता गाडीत काहीच नाही. शिवाय घड्याळ जात नाही, म्युझिक सिस्टिम कोड मागत नाही, काचांचं ऑटो अप डाऊन परत शिकवावं लागत नाही.

असं सगळं करून मीटर लावला. सुरुवातीला तीन अँपिअरच्या वर, मग एकेक करून उतरत गेला, जणू घरातले एकेक खोलीतले दिवे बंद होतायत, आणि शेवटी ०.४९ वर येऊन बसला. म्हटलं अजून उतरेल, बराच वेळ थांबले, ढिम्म. ०.४९ म्हणजे ४९० मिलिअँपिअर, पाहिजे तीस. चोर आहे आणि आत्ता, या क्षणी, घरातच आहे. खरं सांगायचं तर मला आनंद झाला, कारण अधूनमधून होणारा प्रॉब्लेम नेमका मोजायच्या वेळी गायब होतो हीच भीती होती.

आता लोक काय करतात, एकेक फ्यूज उपटत जातात आणि आकडा कधी पडतो ते बघतात. चालतं, पण फ्यूज काढून परत घातला की त्या लाइनवरचं मॉड्यूल जागं होतं आणि परत अर्धा तास थांबा. त्याच्यापेक्षा भारी पद्धत म्हणजे फ्यूज न काढता त्याच्यावरचा व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात, दुसरा मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही प्रोब तिथे टेकवायचे. करंट जात नसेल तर शून्य. जात असेल तर काहीतरी मिलिव्होल्ट येतात कारण फ्यूजला स्वतःचा थोडासा रेझिस्टन्स असतो, १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर पाऊण मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १०० मिलिअँपिअर. प्रत्येक रेटिंगचा हिशोब वेगळा, फ्यूज मोठा तसा ड्रॉप कमी, पण आपल्याला फक्त शून्य कुठे नाही एवढंच बघायचं असतं. दुसरा मीटर दादाकडून आणला होता, तो देताना म्हणाला, 'बाई, बॅटरी बदल ना सरळ.'

मोजायला बसायच्या आधी एक सोपी गोष्ट केली. स्टिअरिंगखाली ओबीडीचा सॉकेट असतो, गॅरेजवाले तपासणीचं यंत्र जोडतात तो, त्यात मी एक ब्लूटूथचा डोंगल लावून ठेवलेला, फोनवर मायलेज वगैरे बघायला. त्या सॉकेटची १६ नंबरची पिन थेट बॅटरीवर असते, चावी काढली तरी तिथे करंट येतच असतो, म्हणजे डोंगल चोवीस तास चालू. काढला. आकडा ०.४५. चाळीस मिलिअँपिअर गेले, वाईट नाही, पण मुख्य चोर हा नाही. तरी सांगते, तुमच्याकडे असा डोंगल असेल तर काम झाल्यावर काढून ठेवा, काही डोंगल नुसता स्वतःचा करंट खात नाहीत तर गाडीला प्रश्न विचारत राहून तिला झोपूच देत नाहीत. बाहेरून बसवलेल्या सगळ्याच गोष्टी आधी बघाव्यात, डॅशकॅम पार्किंग मोडवर, जीपीएस ट्रॅकर, नंतर टाकलेला अ‍ॅम्प्लिफायर, रिव्हर्स कॅमेरा. डॅशकॅमला व्होल्टेज पडलं की बंद होण्याची सेटिंग असते, ती ११.८ वर ठेवली असेल तर काही उपयोग नाही, तोपर्यंत बॅटरी रिकामीच झालेली असते, १२.२ च्या खाली ठेवूच नये असं माझं मत.

उरले ०.४५. यातले तीसेक मिलिअँपिअर गाडीचे हक्काचे. म्हणजे जास्तीचे ०.४२. आणि इथे मला एकदम क्लिक झालं, कारण ०.४२ गुणिले १२ म्हणजे ५ वॉट. आणि ५ वॉटचं गाडीत काय असतं, तर छोटा बल्ब! मॉड्यूल जागं राहिलं तर आकडा असा एका जागी शांत बसत नाही, तो मधेच उड्या मारतो, १५०, ३००, परत १५०. रिले (करंटवर चालणारा स्विच) अडकला असेल तर तो हाताला कोमट लागतो. पण इतका स्थिर आणि इतका गोल आकडा म्हणजे कुठेतरी एक दिवा जळतोय. फ्यूजांवर मीटर फिरवला तर सगळीकडे शून्य किंवा शून्याच्या आसपास, आणि एका १० अँपिअरच्या फ्यूजवर ३.१ मिलिव्होल्ट. झाकणावरच्या चित्रात बघितलं, आतले दिवे.

आतले दिवे म्हणजे छतावरचा, ग्लव्ह बॉक्समधला, सनव्हायझरच्या आरशाचा, डिकीतला. छतावरचा तर बंद दिसतच होता. आरशाचा पण. ग्लव्ह बॉक्स आणि डिकी, हे दोन असे दिवे आहेत की उघडल्याशिवाय बघता येत नाहीत आणि उघडले की लागणारच! यांच्यासाठी एकच उपाय, फोनवर व्हिडिओ चालू करून आत ठेवायचा आणि झाकण लावायचं. ग्लव्ह बॉक्समध्ये फोन ठेवला, बंद केला, मिनिटभराने काढला, व्हिडिओत काळाकुट्ट अंधार. मग उरली डिकी. ती उघडायची म्हणजे गाडी जागी होणार, पण आता त्याची पर्वा नव्हती, चोर कोण ते जवळपास कळलंच होतं. मीटर काढला, क्लॅम्प परत घट्ट बसवला, डिकीत फोन ठेवला आणि रोजच्यासारखी हळूच दाबून बंद केली.

व्हिडिओत सगळं लख्ख दिसतंय. स्टेपनीचं कव्हर, जॅकची पिशवी, मागच्या वेळी शोधून न सापडलेली छत्रीसुद्धा. परत बंद केली, या वेळी जरा जोरात आपटली, व्हिडिओत दिवा गेला. परत हळू लावली, दिवा चालू. आता सगळा उलगडा झाला, दर वीकेंडला का होत नव्हतं तेही. डिकीच्या लॅचमध्ये एक छोटा स्विच असतो, डिकी लागली की तो दाबला जातो आणि दिवा विझतो. माझा स्विच झिजून त्याला पूर्ण दाब लागत होता, हळू लावली की लॅच अडकायचं पण स्विच दाबला जायचा नाही. ज्या शुक्रवारी सामान काढून घाईत डिकी आपटली तो सोमवार चांगला, ज्या शुक्रवारी सभ्यपणे लावली तो सोमवार गेला. डॅशबोर्डवर का कळलं नाही म्हणाल तर माझ्या गाडीत तो उघड्या दाराचा दिवा फक्त चार दारांना आहे, डिकीला नाही. नवीन गाड्यांत बऱ्याचदा असे दिवे काही वेळाने आपोआप बंद करतात, माझ्या गाडीत ती सोय नाही.

दुरुस्ती फार काही नव्हती. डिकीच्या कडेला दोन रबराचे बुच असतात, स्क्रूसारखे फिरवून आतबाहेर होतात, ते आधी थोडे फिरवून बघितले कारण कधीकधी तेवढ्यानेच डिकी नीट बसते, पण स्विचच गेलेला होता, दाबला तरी परत नीट येत नव्हता. ऑटो इलेक्ट्रिशियनने नवीन बसवला, मी शेजारी उभी राहून बघितलं, लॅच काढायला वेळ गेला, स्विच बदलायला नाही. त्यालाही मी ते ०.४२ सांगितलं तर हसला, म्हणाला मॅडम निम्म्या गाड्या अशाच येतात, मालक अल्टरनेटर बदलून आलेला असतो.

या सगळ्यात बॅटरीचं जे नुकसान व्हायचं ते थोडं झालंच असणार. स्टार्टिंगची बॅटरी एकदम मोठा करंट देऊन लगेच परत भरण्यासाठी बनवलेली असते, पूर्ण रिकामी होणं तिला सोसत नाही, तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती कधीच पूर्वीइतकी भरत नाही. म्हणून बॅटरी उतरली की जंपर केबलने चालू करून तास अर्धा तास फिरवून आणली म्हणजे भरली, असं समजू नका. ४५ ची बॅटरी पाऊण रिकामी असेल तर तीसेक अँपिअर अवर परत घालायचे असतात, छोट्या फेरीत ते होत नाही, आणि रिकाम्या बॅटरीला भरण्यात अल्टरनेटर बिचारा तापतो. चार्जरवर रात्रभर लावा. स्टार्ट स्टॉपची गाडी असेल तर बॅटरी एजीएम (लेड अ‍ॅसिडचाच वेगळा प्रकार) आहे का ते बघून चार्जरला तसं सेटिंग द्या.

आणि जंपर केबल लावायचीच वेळ आली तर शेवटची काळी क्लिप मेलेल्या बॅटरीच्या निगेटिव्हवर लावू नका, त्याच गाडीच्या इंजिनच्या एखाद्या उघड्या धातूवर लावा, बॅटरीपासून लांब. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या क्लिपला ठिणगी उडतेच. लाल मेलेल्या बॅटरीला, लाल चांगल्या बॅटरीला, काळी चांगल्या बॅटरीला, मग शेवटची इंजिनला. काढताना बरोब्बर उलटं.

स्विच बदलल्यावर परत सगळं तसंच करून मोजलं, ०.०३. डोंगल आता ग्लव्ह बॉक्समध्ये असतो. वीकेंडनंतर सकाळी १२.५ च्या वर दाखवते, बास झालं. डिकीत आता एलईडी बल्ब टाकलाय, अर्ध्या वॉटचा, म्हणजे उद्या हाही स्विच अडकला तरी दिवसाला जेमतेम एक अँपिअर अवर जाईल आणि गाडी आरामात चालू होईल. दादाचं म्हणणं आहे की याला दुरुस्ती म्हणत नाहीत, फॉल्ट लपवणं म्हणतात. त्याला म्हटलं तू तुझा मीटर घेऊन जा.